चुकलेल्या वेळापत्रकाचा भार

मित्रहो, आज येथे द्राक्ष बागायतदार, निर्यातदार आणि वाहतूकदार एकत्र बसले आहेत, म्हणून कंटेनर वाहतुकीपुढील प्रश्नांची मांडणी मी निफाड-दिंडोरीच्या पॅकहाउसपासून करणार आहे. बागेतून उतरवलेली द्राक्षे प्रीकूलिंग करून पेट्यांत भरली जातात, शून्य अंशाच्या आसपास तापमान राखणाऱ्या रीफर कंटेनरमध्ये चढतात, सील लागते, आणि ट्रेलर कसारा घाट उतरून न्हावा शेवाच्या वाटेला लागतो. कट-ऑफच्या, म्हणजे त्या जहाजासाठी माल स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आत कंटेनर बंदराच्या गेटमधून गेला, की वर्षभराच्या कष्टांचे फळ एका वेळापत्रकाच्या हवाली होते. त्या वेळापत्रकावर बागायतदाराचा काडीचाही ताबा नसतो. वेळापत्रक चुकले तर नुकसान कोणाचे, हा मला आजच्या विषयाचा गाभा वाटतो.

26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे 58 कंटेनर नेले. पुढे कंटेनरची मापे जगभर एकसारखी ठरली, माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च कोसळला, आणि समुद्रापलीकडचा ग्राहक शेजारच्या जिल्ह्यातल्या ग्राहकाइतका जवळ आला. पण या स्वस्त वाहतुकीला एक अट होती: जहाज ठरल्या दिवशी येईल आणि ठरल्या दिवशी पोचेल, हा भरवसा. कारखाने, गोदामे, सुपरमार्केट या सर्वांनी त्या भरवशावर आपले साठे कमी केले. गेल्या काही वर्षांत मोडला आहे तो हाच भरवसा.

19 नोव्हेंबर 2023 रोजी तुर्कस्तानहून भारताकडे येणारे ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ताब्यात घेतले. डिसेंबरच्या मध्यापासून मर्स्क, एमएससी, हपाग-लॉइड, सीएमए सीजीएम या मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या मालाचा प्रवास त्यामुळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला, आणि नेमका द्राक्षांचा हंगाम तोंडावर होता. युरोपच्या बाजारात आपल्या द्राक्षांना खरी जागा मिळते ती मुख्यत्वे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. त्यातले दोन आठवडे समुद्रावर गेले, की घड सुकून देठ तपकिरी पडण्याचा धोका वाढतो आणि दर उतरतो. त्याच महिन्यात, 8 डिसेंबरला, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली आणि बंदराच्या वाटेवरचे कंटेनर अडकून पडले. समुद्रावरील हल्ले आपल्या हाती नव्हते. निर्यातबंदीची पूर्वसूचना देणे मात्र नक्की आपल्या हाती होते, हे मी स्पष्टपणे नोंदवतो.

लांबच्या रस्त्याचा परिणाम केवळ उशिरापुरता राहत नाही, आणि येथे थोडा हिशेब समजून घ्यावा लागतो. समजा, एखादी साप्ताहिक सेवा आहे आणि जहाजाला जाऊन-येऊन आठ आठवडे लागतात. दर आठवड्याला एक जहाज सुटायचे, तर आठ जहाजे हवीत. फेरी दहा आठवड्यांची झाली, तर तीच सेवा, तेवढाच माल, पण जहाजे दहा लागतात. ती मिळाली नाहीत तर फेऱ्या रद्द होतात. कंटेनरचेही तसेच आहे. युरोपात रिकामा झालेला कंटेनर उशिरा परततो आणि इकडे निर्यातदार रिकाम्या कंटेनरसाठी थांबून राहतो. जगातील बहुतेक सर्व नवे कंटेनर चीनमध्ये बनतात, त्यामुळे टंचाई आली की ती स्थानिक पातळीवर लगेच भरून काढता येत नाही. महामारीच्या काळात हेच घडले होते: सप्टेंबर 2021 मध्ये ड्र्युरी या सागरी सल्लागार संस्थेचा चाळीस फुटी कंटेनरच्या भाड्याचा निर्देशांक 10,000 डॉलरच्या वर गेला, जो 2019 मध्ये 2,000 डॉलरच्या आत होता.

अशा वेळी जहाज कंपनी अधिभार लावते, फॉरवर्डर, म्हणजे जहाजावर जागा ठरवून देणारा मध्यस्थ, तो निर्यातदाराकडे पाठवतो आणि निर्यातदार तो बागायतदाराच्या दरातून वळता करतो. कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला गेला, म्हणजे आपल्या भाषेत ‘रोल’ झाला, तरी रीफर थंड ठेवणाऱ्या वीजजोडणीचे, म्हणजे प्लगचे, भाडे चालूच राहते. बंदराबाहेर ट्रेलरच्या रांगेत रात्र काढणाऱ्या चालकाला त्या थांबण्याचा मोबदला मिळेलच असे नाही, आणि हा माणूस आपल्या परिसंवादांत सहसा बोलावलाही जात नाही, याची मला खंत वाटते.

बंदरांबद्दल थोडे. जेएनपीए, म्हणजे न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर, 1989 पासून कार्यरत आहे आणि 2024-25 या वर्षात तेथे सुमारे 73 लाख टीईयू (एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर) इतकी हाताळणी झाली. पण आजची सर्वांत मोठी जहाजे 400 मीटर लांब असून 24,000 टीईयूहून अधिक क्षमतेची आहेत, आणि भारताचा बराच माल अजूनही कोलंबो किंवा सिंगापूरला मोठ्या जहाजावर बदलला जातो. प्रत्येक बदल म्हणजे वेळ चुकण्याची आणखी एक शक्यता. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे 76,220 कोटी रुपयांच्या बंदराला जून 2024 मध्ये मंजुरी मिळाली ती नैसर्गिक खोलीमुळे, आणि त्या खोलीची गरज मला मान्य आहे. मात्र तेथील मच्छीमारांचा विरोध हा प्रकल्पातला अडथळा म्हणून मोजू नये; त्यांच्या उपजीविकेचे नुकसान प्रकल्पाच्या खर्चातच धरले पाहिजे. खोल बंदर झाले तरी रेल्वे हवीच. समर्पित मालवाहू रेल्वेमार्गाचा दिल्लीजवळच्या दादरीकडचा भाग आधी वापरात आला आणि जेएनपीएपर्यंतचा शेवटचा टप्पा रखडला, त्यामुळे रस्त्यावरचा ताण हलका झाला नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न तर आपल्या किनाऱ्यावर येऊन ठेपला आहे. 25 मे 2025 रोजी ‘एमएससी एल्सा 3’ हे 640 कंटेनर असलेले जहाज केरळजवळ बुडाले आणि प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावर वाहून आले. पंधरा दिवसांत, 9 जूनला, कोलंबोहून न्हावा शेवाकडेच येणाऱ्या ‘वान हाय 503’ ला आग लागली. 22 खलाशांपैकी 18 वाचवले गेले, चौघे बेपत्ता झाले. कंटेनरमध्ये काय भरले आहे हे पाठवणाऱ्याने खरे लिहिले नाही, तर जहाजावरच्या माणसाला आपल्या पायाखाली काय आहे हे कळत नाही. कोकणातील कितीतरी घरांतली मुले या जहाजांवर काम करतात. धोकादायक मालाची खोटी नोंद हा माझ्या मते कागदोपत्री दोष नाही, तो जिवाशी खेळ आहे आणि त्याची शिक्षा तशीच असली पाहिजे.

आता येत्या हंगामाच्या करारांकडे येतो. सागरी मालविम्याच्या रूढ कलमांत केवळ विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, आणि जहाज कंपन्याही बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल स्वीकारल्याच्या वाहतूक-पावतीच्या, अटींत पोचण्याच्या तारखेची हमी सहसा देत नाहीत. म्हणजे कोणीच जबाबदारी न घेतलेला विलंब शेवटी माल पिकवणाऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणून आयातदाराशी करार करताना प्रवासाचे अपेक्षित दिवस लिहून घ्या, ते वाढल्यास दरातील घट कोणी किती सोसायची याचे प्रमाण ठरवा, आणि प्रत्येक कंटेनरमध्ये तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र बसवून त्या नोंदी बागायतदारालाही मिळतील असे कलम घाला. एकेकट्या बागायतदाराला हे कलम मिळणार नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व निर्यातदार संघटनांनी मिळून एकच मसुदा हंगामाआधी, छाटणीच्या दिवसांतच आयातदारांपुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे.