जमीन कोणाच्या नावावर? बॉस्टनच्या डडली स्ट्रीटचा धडपडीचा इतिहास

मित्रहो, भूसंपादन हा शब्द उच्चारला की आपल्या मनात नोटीस, मोजणी आणि मोबदल्यासाठीचे हेलपाटे उभे राहतात. म्हणूनच हा अधिकार सरकारकडून मागून घेऊन स्वतः वापरणाऱ्या एका वस्तीविषयी आज मला बोलायचे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात असलेल्या बॉस्टन शहरातील रॉक्सबरी हा कृष्णवर्णीयांचा जुना भाग आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते माल्कम एक्स यांची उमेदीच्या वयातील काही वर्षे येथेच, सावत्र बहिणीच्या घरी गेली. बँकांनी या भागाला कर्ज देणे थांबवले, घरांना गिऱ्हाईक उरले नाही, आणि मग काही मालकांनी विम्याच्या रकमेसाठी स्वतःचीच घरे पेटवून दिली. १९८०च्या दशकात डडली स्ट्रीटच्या आसपास सुमारे १,३०० भूखंड ओसाड पडले होते आणि शहरभरचा राडारोडा रात्री-अपरात्री तेथे येऊन पडत असे.

१९८४ साली एका धर्मादाय प्रतिष्ठानाने व काही सामाजिक संस्थांनी या भागाच्या पुनरुज्जीवनाची योजना आखली. हेतू चांगला होता, मंडळी सज्जन होती. परंतु पुढच्या वर्षी ती योजना रहिवाशांपुढे ठेवली गेली तेव्हा कार्यकारी मंडळात रहिवाशांसाठी अगदी मोजक्या जागा असल्याचे दिसले. तुमच्यापैकी या वस्तीत राहतो कोण, असा प्रश्न सभेत आला आणि सभेचा नूरच पालटला. योजना राबवणाऱ्या संघटनेच्या नव्या रचनेत बहुमत रहिवाशांकडे आले. कृष्णवर्णीय, केप व्हर्डी बेटांवरून आलेले, लॅटिन अमेरिकी व गोरे या चारही समूहांना, त्यांची लोकसंख्या कमीअधिक असूनही, सारख्याच जागा मिळाल्या. प्रतिष्ठानाने हा बदल मान्य केला, याचे श्रेय त्यालाही द्यायला हवे. पैसा देणारा सहसा खुर्ची सोडत नाही.

नव्या संघटनेने सुरुवात घरांपासून केली नाही, कचऱ्यापासून केली. १९८६ साली ‘आमच्यावर कचरा टाकू नका’ ही मोहीम निघाली आणि बेकायदा कचराकेंद्रांना टाळे लागले. लोकांना आपल्या बळाचा पहिला अंदाज आला तो येथे.

खरी अडचण मात्र जमिनीची होती. वस्तीच्या मध्यभागी, डडली ट्रँगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, काही मोकळे भूखंड शहराचे तर काही खासगी मालकांचे, असे विखुरलेले होते. सलग जागा हाती आल्याशिवाय घरे बांधणे अशक्य होते, आणि मालक भाव चढण्याची वाट पाहत बसले होते. तेव्हा संघटनेने मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातील एका तरतुदीचा आधार घेऊन स्वतःची नागरी पुनर्विकास संस्था स्थापन केली आणि १९८८ साली शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने तिला भूसंपादनाचा अधिकार दिला. महापौर रेमंड फ्लिन यांचा पाठिंबा निर्णायक ठरला. हा अधिकार फक्त ओसाड भूखंडांपुरता होता. राहत्या घराला हात लावायचा नाही, ही मर्यादा संघटनेने स्वतःहून पाळली. जुन्या शहरी ‘नूतनीकरणा’त घरे गमावलेली कुटुंबे बॉस्टनमध्ये थोडी नव्हती.

पुढची व्यवस्था मला सर्वांत मोलाची वाटते. मिळालेली जमीन विकायची नाही, ती सामुदायिक न्यासाच्या नावावर ठेवायची. कुटुंब घर विकत घेते आणि त्याखालील जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरते. घर विकताना किमतीवर ठरलेली मर्यादा असते, म्हणजे पुढच्या बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबालाही ते परवडते. या जमिनीवर आज दोनशेहून अधिक घरे आहेत, शिवाय बागा, मैदाने आणि एक मोठे हरितगृह आहे.

या व्यवस्थेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मालमत्ता जमवू दिली गेली नाही, त्यांनीच घराच्या वाढत्या किमतीवर पाणी का सोडावे? न्यासाचे उत्तर असे की, भाव वाढल्यावर पहिला बाहेर पडतो तो भाडेकरू, आणि त्याच्याकडे विकायला काहीच नसते. लगतचा डडली चौक २०१९ साली न्युबियन चौक झाला आणि नावाने आफ्रिकेचा वारसा मिरवू लागला. भोवतालची भाडी मात्र चढतच आहेत, आणि न्यासाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांना ती चुकलेली नाहीत.