पोढी : लालबाग ते कान्हेरी, एका रविवारची सहल

(दृश्य : बोरिवली स्थानकाचा पूर्वेकडील जिना. पाऊस नुकताच थांबला आहे.)

सकाळचे पावणेआठ वाजले आहेत. जिन्यावरून उतरणाऱ्या गर्दीत आजी, तिचा मुलगा, सून, आठवीतली नात आणि तिसरीतला नातू असे पाच जणांचे एक कुटुंब आहे. लालबागच्या चाळीतून बसने दादर आणि दादरहून जलद लोकलने बोरिवली असा प्रवास करून ही मंडळी आली आहेत. लोकलचा रविवारचा ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची वेळ, सुरू होण्याआधी निघायचे, हे आदल्या रात्री ठरले होते. परतण्याची वेळ मात्र त्याच्याही आधी ठरली होती, कारण चाळीत संध्याकाळी सहाला पाणी येते आणि पाऊण तासात जाते.

मुंबईच्या माणसाला सहल म्हटले की माथेरान, लोणावळा किंवा अलिबाग आठवते. रात्रीचा मुक्काम, हॉटेलचे भाडे आणि शनिवारची रजा या तिन्ही गोष्टी जमेपर्यंत मुले मोठी होऊन जातात. राणीची बाग, घारापुरी, वसईचा किल्ला आणि कान्हेरी ही ठिकाणे त्या मानाने हाताच्या अंतरावर असूनही शाळेच्या सहलीपुरती उरली आहेत. या घरातील आजीने चाळीस वर्षे लालबागमध्ये काढली आणि कान्हेरी आज पहिल्यांदा पाहिली.

(दृश्य : उद्यानाचे फाटक, तिकिटांची रांग, बसच्या खिडकीतून दिसणारे जंगल.)

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. बिबट्याचा वावर असलेले एवढे मोठे जंगल महानगराच्या हद्दीत असणे ही जगात विरळ गोष्ट आहे. फाटकापासून कान्हेरीच्या बौद्ध गुंफा साधारण सहा किलोमीटर आत आहेत. श्रावणात हा रस्ता दोन्ही बाजूंनी हिरवा होतो आणि बसच्या काचांवर फांद्या घासत जातात. उतारांवर दाटीने उभी असलेली झुडपे कारवीची आहेत. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे आज दिसतो तो केवळ तिचा पाला आहे. सिंहविहार, नौकाविहार आणि वनराणी नावाची छोटी रेल्वे या चित्रफितीत नाहीत. नातवाने त्याविषयी बसमध्ये केलेली तक्रार मात्र ध्वनिमुद्रित झाली आहे.

(दृश्य : पायथ्याशी काकडी विकणारी बाई. सुरीने उभी चिरलेली काकडी, तिच्यात भरलेले मीठ आणि तिखट.)

गुंफांच्या आवारात खाद्यपदार्थ नेता येत नाहीत आणि नेले तरी ते माकडांच्या पोटात जातात. म्हणून चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी असा डबा सकाळी फाटकाजवळच्या बाकावरच उघडला गेला होता. या काकड्या पायऱ्या चढण्याआधी संपल्या.

(दृश्य : काळ्या खडकातील पायऱ्या, पहिल्या गुंफेचे प्रचंड आणि अपुरे खांब.)

येथील शिलालेखांत या डोंगराला ‘कण्हसेल’, म्हणजे कृष्णशैल किंवा काळा डोंगर, असे म्हटले आहे आणि कान्हेरी हे नाव त्याचेच वंशज आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे या एकाच डोंगरात खोदकाम होत राहिले आणि शंभराहून अधिक गुंफा तयार झाल्या. क्रमांक तीनची गुंफा म्हणजे येथील मोठे चैत्यगृह, स्तूप असलेले प्रार्थनागृह, आहे. ते दुसऱ्या शतकात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, खोदायला घेतले गेले. आत स्तूपाभोवती ३४ खांब आहेत. त्यांपैकी काहींना हत्ती आणि माणसे कोरलेली शीर्षे आहेत, तर बाकीचे साधे अष्टकोनी राहिले आहेत. काम थांबले ते कोणत्या खांबापाशी, हे नातीने बोटाने दाखवले. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्या नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत आणि प्रत्येक कुटुंबाचे छायाचित्र त्यांच्यासमोरच काढले जाते. या कुटुंबाचेही तेथेच काढले गेले.

आमचा कॅमेरा मात्र या मूर्तींसमोर फार वेळ थांबलेला नाही, कारण चैत्यगृहातून बाहेर पडताच आजी थांबली आणि ती जेथे थांबली तेथे सहसा कोणी थांबत नाही.

(दृश्य : एका विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या गुंफेच्या, अंगणाच्या कडेला खडकात चौकोनी तोंड. आत काठोकाठ पाणी. पाण्यात आभाळ आणि आजीचा चेहरा.)

हे पाण्याचे टाके आहे. शिलालेखांतील प्राकृत भाषेत याला ‘पोढी’ किंवा ‘पानियपोढी’ म्हणतात. किल्ले आणि लेणी पालथी घालणाऱ्या महाराष्ट्रातील भटक्यांच्या तोंडी हा शब्द आजही आहे. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःची पोढी आहे. कोठे ती अंगणाच्या उजव्या हाताला आहे, कोठे डाव्या हाताला, तर कोठे भिंतीतील कोनाड्याखाली दडलेली आहे. आजीने तोंडाच्या कडेवरून हात फिरवला आणि नातवाला म्हणाली, “तोंड लहान ठेवलंय बघ. पोट आत मोठं असणार. ऊन नको लागायला आणि कचरा नको पडायला.”

आजीचा अंदाज बरोबर आहे. वरून जेमतेम दोन हात रुंद दिसणारे हे तोंड आत खडकाखाली चहूबाजूंनी पसरत जाते, त्यामुळे पाण्यावर सावली राहते आणि बाष्पीभवन कमी होते. काही तोंडांभोवती खडकात एक उथळ खाच कोरलेली दिसते. ती फळीचे झाकण बसवण्यासाठी असावी, असे आजीचे मत पडले आणि त्यावर वाद घालण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

आता हे पाणी येथे कसे येते, ते पाहावे लागेल, आणि श्रावणातील या पावसाने आम्हाला ते दाखवून दिले.

(दृश्य : पुन्हा सर. गुंफेच्या दर्शनी भागावरून वाहणारे पाणी, कॅमेरा अगदी जवळ.)

गुंफेच्या माथ्यावरचा खडक उताराचा आहे. पावसाचे पाणी त्या उतारावरून धावत खाली येते आणि सरळ ओसरीत कोसळेल, असे वाटते. मात्र दाराच्या वर, छज्ज्याच्या लगत, खडकात बोटभर रुंदीची एक पन्हळ कोरलेली आहे. पाणी तेथे अडते, वळते आणि पन्हळीच्या किंचित उतारावरून एका कडेला जाते. तेथून ते भिंतीवरच्या उभ्या खाचेतून खाली उतरते आणि अंगणातील दुसऱ्या पन्हळीतून पोढीच्या तोंडाशी येते. ओसरी कोरडी राहते आणि टाके भरते. छिन्नीचे घाव पन्हळीच्या तळाशी अजून मोजता येतात. उतार इतका बेताचा आहे की तो डोळ्यांना कळत नाही, तो कळतो फक्त पाण्याला. नातीने वहीचा एक कपटा फाडून पन्हळीत सोडला, तो न अडखळता पोढीपर्यंत गेला आणि तिने तो लगेच उचलूनही घेतला.

पोढी भरली की पाणी वाया जात नाही. तोंडाच्या एका बाजूची कड थोडी खाली ठेवलेली आहे. तेथून ओसंडलेले पाणी पायऱ्यांलगतच्या पन्हळीतून खालच्या अंगाला वाहते आणि मधल्या घळीतील ओढ्याला मिळते. त्या घळीच्या वरच्या भागात जुन्या भक्कम दगडी बांधाचे अवशेष आहेत. म्हणजे भिक्षूंनी छपराचे पाणी टाक्यात घेतले होते आणि ओढ्याचे पाणीही अडवले होते.

येथे थोडा हिशेब करावा लागेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे चाळीतील एका खोलीएवढ्या, म्हणजे दहा चौरस मीटरच्या, खडकावर एका पावसाळ्यात २०,००० लिटर पाणी पडते. त्यातील अर्धे जरी टाक्यात उतरले, तरी उरतात १०,००० लिटर. उरलेल्या आठ महिन्यांचे दिवस सुमारे २४०. दिवसाला चाळीस लिटरहून जास्त पाणी एका खोलीपुरत्या खडकातून मिळते. नातीने हा भागाकार मोबाईलवर केला. आजीने तो तोंडी केला होता, कारण तिच्या घरातील पिंप किती लिटरचे आहे आणि ते किती दिवस पुरते, हे तिला पाठ आहे.

भिक्षूंसाठी हे पाणी किती मोलाचे होते, ते पोढ्यांजवळच्या भिंती सांगतात.

(दृश्य : ब्राह्मी अक्षरे, तिरप्या प्रकाशात. अक्षरांच्या खाचांत साठलेले पाणी.)

ब्राह्मी लिपीतील या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आणि त्यांची गावे आहेत. त्या गावांची ‘कलियण’, ‘सोपारक’ आणि ‘चेमुल’ ही नावे ऐकू येताच बापाने मुलाकडे पाहिले. कलियण म्हणजे कल्याण, सोपारक म्हणजे सोपारा आणि चेमुल म्हणजे अलिबागजवळचे चौल. आज कल्याण आणि नालासोपारा या स्थानकांच्या नावाने लोकल सुटतात. तेथील आणि चौलच्या व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी हा डोंगर खोदण्यासाठी पैसे दिले. त्यांच्या लेखांत लेणे आणि पाण्याची पोढी यांचा उल्लेख एकाच दमात येतो आणि पुढे ‘देयधम’, म्हणजे धर्मदान, असा शब्द असतो. काही दात्यांनी याशिवाय अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारी ठेव, ठेवली आणि तिच्यातून भिक्षूंना वस्त्रे मिळण्याची सोय केली. लेणे देणाऱ्याने पाणीही द्यायचे, हा व्यवहार त्या काळी रूढ होता. आज इमारत विकणाऱ्याला तो शिकवावा लागतो.

(दृश्य : अकराव्या क्रमांकाची दरबार गुंफा, लांबलचक दगडी बाके. मग वरच्या वाटेने चढणारे कुटुंब.)

अकराव्या गुंफेत समोरासमोर दोन लांब दगडी बैठका आहेत. तिची रचना वेरूळच्या पाचव्या लेण्याशी जुळते. मुले त्या बैठकांमधून धावली आणि पुढे निघाली. माथ्याकडच्या नव्वदाव्या गुंफेपाशी मात्र सर्वांना थांबावे लागले, कारण तेथे सहलीला आलेल्यांची नावे आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इराणी वंशाचे पारशी लोक येथे येऊन गेले आणि पहलवी लिपीत त्यांनी आपली नावे, तारखेसह, खडकात कोरून ठेवली. या गुंफेशी त्यांच्या धर्माचा काही संबंध नव्हता. ते पाहायला आले होते. इतर भिंतींवर अलीकडच्या काळात खिळ्याने ओरखडलेली बाण आणि बदाम यांसह नावेही आहेत. ती आम्ही चित्रित केली नाहीत.

(दृश्य : माथ्यावरून दिसणारे जंगल. दूर, धुक्यात, उंच इमारतींची रांग.)

या जंगलाच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहारचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये पूर्ण झाले. नळाने आलेले मुंबईचे पहिले पाणी ते हेच. तुळशी १८७९ मध्ये तयार झाला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांत या दोघांचा वाटा आता अगदी थोडा उरला आहे आणि शहराचे सुमारे निम्मे पाणी एकट्या भातसा धरणातून, शहापूर तालुक्यातून, येते. लालबागच्या नळाला संध्याकाळी सहाला येणारे पाणी एवढी वाट चालून येते आणि पाऊण तासात जाते.

(दृश्य : परतीची बस. खिडकीतून दहिसर नदी, आधी खडकांतून, मग भिंतींमधून.)

तुळशीच्या सांडव्यातून निघणारी दहिसर नदी जंगलात निवळ दिसते आणि शहरात शिरल्यावर तिचा नाला होतो.

(येथे निवेदन थांबते. नदीच्या पात्रातील प्लास्टिक, पुलाचा कठडा आणि त्यावरून जाणारी माणसे दिसत राहतात.)

पोढीत तरंगणारी पाण्याची एक रिकामी बाटली आजीने हाताने ओढून बाहेर काढली होती. ती तिने पिशवीत घालून खाली आणली आणि फाटकाजवळच्या कचरापेटीत टाकली. पुढच्या वेळी घारापुरीला जायचे, असे नातीने गाडीत जाहीर केले. तेथेही टाकी आहेत का, हे आजीने विचारले. घारापुरीतही खडकात खोदलेली टाकी आहेत. सोमवारी मात्र घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही बंद असतात, त्यामुळे एखादा रविवार पुन्हा शोधावा लागेल.

(दृश्य : लालबाग, चाळीचा दुसरा मजला. घड्याळात सहाला पाच कमी.)

सूनबाईंनी चप्पल दारातच काढली आणि त्या थेट मोरीत गेल्या. आजी पदर खोचून त्यांच्या मागे उभी राहिली. नळ आधी नुसता फुसफुसला आणि मग त्याला बारीक धार आली. नातवाने पिंपावरचे झाकण काढले, आत वाकून पाहिले आणि विचारले, “आजी, ह्याचं तोंड एवढं मोठं का गं?”

(नळाची धार. पिंप भरत जाताना बदलत जाणारा आवाज. आजी झाकण लावते.)