बॉनेटखालची सूं-सूं

नमस्कार श्रोतेहो.

गाडी सिग्नलला उभी आहे आणि बॉनेटखालून बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येतोय, हवा कुठून तरी निसटावी तसा. बहुतेक जण गॅरेजमध्ये जाऊन सांगतात, “इंजिनातून आवाज येतोय, बघा जरा.” एवढ्यावर मिस्त्रीने काय शोधायचं? गाडी तिथे पोचेपर्यंत आवाज थांबलेला असतो. मग अंदाजाने भाग बदलले जातात आणि बिल तुमच्या माथी येतं. म्हणून आज माझं सांगणं एवढंच, की आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो केव्हा येतो ते नीट टिपून ठेवा.

आधी जिवाच्या दोन गोष्टी. गाडी सीएनजीवर असेल आणि आवाजासोबत गॅसचा वास असेल, तर ताबडतोब इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, जमलं तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पुन्हा चावी फिरवू नका. भरलेल्या सिलिंडरमध्ये 200 बारच्या आसपास दाब असतो. हे काम सीएनजीच्या फिटरचंच.

दुसरी गोष्ट घाटातली. भर उन्हात गाडी चढून आली, तापमानाचा काटा लालकडे गेला आणि फुसफुस ऐकू आली. हे बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं मिश्रण आहे. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं मिश्रण कुकरमधल्या पाण्यासारखं शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब सुटतो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा. वरचा जाड पाईप हातात आरामात धरता आला, तरच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकू शकतं. मग पाईपची टोकं आणि झाकणाचं रबर बघा. गळती असते तिथे वाळलेला पांढरा, हिरवा किंवा गुलाबी डाग दिसतो. झाकण बदलायचं तर त्यावर छापलेला आकडा, 0.9 किंवा 1.1, तोच घ्या.

आता सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार, व्हॅक्यूमची गळती. पेट्रोल इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असतं तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. एखाद्या पाईपला केसाएवढी चीर असली तरी हवा तिथून सूं-सूं करत आत शिरते. बऱ्याच गाड्यांत ही हवा सेन्सरने मोजलेलीच नसते. पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने येतं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं. आरपीएम वरखाली होतो, गाडी मिसिंग करते, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर अनेकदा पी0171 हा, मिश्रण पातळ असल्याचा, कोड येतो. खूण सोपी आहे. आयडलिंगला आवाज जोरात आणि रेस दिली की कमी, असं असेल तर व्हॅक्यूमवरच संशय घ्या.

शोधायला, इंजिन चालू ठेवून, मीटरभर रबरी नळी पुरते. एक टोक कानाशी धरा आणि दुसरं पाईपांच्या जोडांवरून हळूहळू फिरवा. गळतीपाशी आलं की आवाज एकदम कानात घुसतो. ओढणी, सैल बाह्या इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. संशय आला तिथे साबणाचं पाणी थोडं फवारा, ते आत ओढलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारायची पद्धत काही ठिकाणी आहे. शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, कृपा करून तसं करू नका. उंदरांनी कुरतडलेले पाईपही तपासा, पावसाळ्यात तर हमखास.

ब्रेक दाबून धरल्यावर पायापाशी सूं-सूं चालूच राहिली आणि पेडल कडक लागलं, तर बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेकला जोर देणारा भाग, किंवा त्याचा पाईप गेलाय. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. जात नसेल तर गाडी चालवत नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

टर्बो डिझेलमध्ये उलटं असतं. रेस दिली की आवाज वाढतो, पिकअप मरतं, धूर काळा येतो. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या, पाईपची क्लिप आधी बघा. इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमागून मिनिटभर येणारी सूं-सूं मात्र एसीच्या गॅसची असते, तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नका. जळक्या वासासोबत चरचर आली तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग गळून ऑईल एक्झॉस्टवर पडतंय.

दुरुस्तीत टेप गुंडाळून घेऊ नका, उष्णतेने ती सुटतेच. पाईप तेवढ्याच आतल्या मापाचा, उष्णता आणि ऑईल सोसणारा घ्या, क्लिप नवीन लावा आणि जुना तुकडा मागून घ्या. कूलंटचं काम झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. ती पुन्हा उतरली आणि गाडीखाली ओल नसेल, तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, तपासून घ्या.

नमस्कार.