काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताची निगा

(धुळे येथे स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

येथे जमलेल्या बहुतेक भगिनींच्या काखेतील गाठी, म्हणजेच लसीकाग्रंथी, शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या आहेत. घरी सोडताना जखम, टाके आणि गोळ्या यांबद्दल सविस्तर सांगितले जाते. हाताबद्दल मात्र पुष्कळदा "जपा" एवढेच सांगतात, आणि जपायचे म्हणजे हात हलवायचा नाही, असा अर्थ घरोघरी लावला जातो. मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या गैरसमजाविषयी.

रक्त फिरवायला हृदय आहे, लसीकेला, म्हणजे पेशींभोवतालच्या जागेतून गोळा होणाऱ्या पाण्याला, तसा पंप नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती सतत पाणी झिरपत असते आणि त्यातले दिवसाला साधारण २ ते ४ लिटर पाणी लसीकावाहिन्या गोळा करून मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांत परत सोडतात. या वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. पण पुढे ढकलण्याचे बरेचसे काम आपले हलणारे स्नायू आणि आपला श्वास करतात. पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि उरलेले पाणी पुन्हा नदीला मिळते, हे तुमच्यापैकी अनेकींनी पाहिले आहे. ते पाणी नदीकडे नेणारी वाट बुजली, तर वरून येणारे पाणी थांबत नाही आणि शेत पाणथळ होते. हातातल्या लसीकेची वाट काखेतल्या गाठींतून जाते, म्हणून गाठी काढल्यावर हातात तेच घडू शकते. काखेतील गाठी पूर्णपणे काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीला पुढे सूज येते. एक-दोनच गाठी तपासणीसाठी काढल्या असतील, तर हे प्रमाण बरेच कमी असते. सूज लगेच येते असेही नाही, ती काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही येऊ शकते.

साक्री तालुक्यातून येणाऱ्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, "मना हात जड लागस, ताई." हात पाहिला तर सुजलेला दिसत नव्हता. मनगटाच्या वर अंगठ्याने हलकेच दाबून धरले आणि बोट उचलले, तेव्हा तिथे उथळ खळगा राहिला व तो हळूहळू भरला. बांगडी घट्ट होण्याच्या आधी हात जड वाटतो, ओढल्यासारखा वाटतो, म्हणून अशी तक्रार घरच्यांनी "थकवा असेल" म्हणून सोडून देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली, की मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, खांदे गोल फिरवणे हे दिवसातून तीन-चार वेळा, सावकाश करावे. जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये असे बहुतेक शल्यचिकित्सक सांगतात. नंतर भिंतीवर बोटे चढवत हात वर न्यावा. प्रत्येक वेळी सुरुवातीला चार-पाच श्वास पोट फुगेल इतके खोल घ्यावेत, कारण छातीतील मोठी लसीकानलिका वाहती राहायला त्या श्वासाच्या दाबाची मदत होते. पुढे वजन उचलायलाही घाबरू नये. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. त्यांतील ज्यांनी आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजने उचलली, त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट सूज बळावण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र पहिल्याच आठवड्यात पाण्याची घागर उचलणे हा व्यायाम नव्हे.

आपल्याकडे खरा धोका असतो तो कातडीला. कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकदार पाकळ्या बोटांना ओरखडतात, भरितासाठी पऱ्हाट्यांवर वांगी भाजताना चटका बसतो, आणि असल्या बारीक जखमेकडे कोणी पाहत नाही. त्या हातात मात्र जंतूंना अडवणारी चौकी कमी झालेली असते. म्हणून वेचणीला व भांड्यांना हातमोजे घालावेत, नखाच्या कडेची कातडी कापू नये, उन्हाळ्यात कातडी भेगाळू नये म्हणून रोज खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे आणि खरचटले तर लगेच साबणाने धुवावे. हात लाल, गरम व दुखरा झाला आणि अंगात थंडी-ताप भरला, तर हळद लावून सकाळपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जोराने तेल चोळण्याने सूज उतरत नाही. लसीकेचे मालिश अगदी हलके असते, त्याची दिशा शिकून घ्यावी लागते, आणि संसर्ग किंवा रक्ताची गुठळी असताना ते करायचे नसते. दाबाची बाही, म्हणजे सूज आवरण्यासाठी हातावर घालायची घट्ट बाही, मापानेच घ्यावी, शेजारणीची वापरू नये. सूज येते म्हणून काही भगिनी पाणी पिणे कमी करतात; त्याचा काहीही उपयोग नाही, आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर त्यातून अपायच होईल. वजन वाढू न देणे मात्र उपयोगाचे आहे.

आता सोबत आणलेला शिंप्याचा टेप काढा. कोपराच्या १० सेंटिमीटर वर, १० सेंटिमीटर खाली आणि मनगटावर, असे दोन्ही हात शेजारच्या बहिणीकडून मोजून घ्या आणि आजच्या तारखेसह वहीत लिहा. पुढच्या महिन्यात त्याच ठिकाणी पुन्हा मोजा. एखाद्या ठिकाणी दोन हातांत किंवा आधीच्या मापाशी २ सेंटिमीटर किंवा अधिक फरक दिसला, तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. कोणाकडे टेप नसेल, तर तो माझ्याजवळ आहे.