सात अंडी आणि एक वेटोळे

श्रोतेहो, नमस्कार. खुडूक बसलेली कोंबडी आपण सर्वांनी पाहिली आहे. दाणे टिपण्यासाठीसुद्धा ती जागा सोडायला नाखूश असते. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांत राहणारी बॉल पायथन ही लहान चणीची अजगरीण त्याहून कठोर व्रत पाळते.

तिच्याविषयी बोलताना सेंट लुइसची हकिकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. अमेरिकेतील त्या शहराच्या प्राणिसंग्रहालयाला १९६१ मध्ये एका खासगी मालकाने अशी एक मादी दिली. १९९० मध्ये तिने अंडी घातली, तेव्हा त्याचा उलगडा करता येत होता. कारण पिंजरे साफ करताना साप बादल्यांत एकत्र ठेवले जात आणि तिथे नराशी गाठ पडणे शक्य होते. २००९ मधली अंडी जगली नाहीत. मग २३ जुलै २०२० रोजी, साठी उलटल्यावर, तिने सात अंडी घातली, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तिचा नराशी संबंध आलेला नव्हता. पुन्हा सांगतो, पंधरा वर्षांहून अधिक काळ! म्हणजे एक तर तिने शुक्राणू इतकी वर्षे शरीरात जपले, नाहीतर नराशिवायच गर्भ धरला. सर्पकुळात दोन्ही गोष्टी घडतात. सातांपैकी दोन अंडी जनुकीय तपासणीसाठी घेतली, दोन टिकली नाहीत आणि तीन उबवणयंत्रात ठेवली गेली.

एरवी बीज सुटताना मादीचे मधले अंग एखादा दिवस फुगते, पुढे ती कात टाकते आणि त्यानंतर साधारण महिन्याभरात अंडी घालते. या काळात बहुतेक माद्या अन्नाला तोंड लावत नाहीत. एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांच्या ढिगाभोवती ती सुमारे दोन महिने वेटोळे घालून राहते, आणि तेव्हाही उपाशीच. ब्रह्मी अजगराची मादी स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते. ही तसे करत नाही, तिचे वेटोळे अंड्यांतला ओलावा राखते. पोटात अंडी असलेल्या अशा माद्या विक्रीसाठी बिळांतून उकरून काढल्या जातात, हे मला अतिशय क्रूर वाटते.

कोंबडी अंडी उलटीपालटी करते, अजगराचे अंडे मात्र उलटू नये, नाहीतर आतला गर्भ दगावू शकतो. म्हणून ती हलवावी लागली, तर पाळणारे वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. मग अंधारात विजेरी टेकवली की त्या चिवट, पांढऱ्या कवचाखाली लाल शिरांचे जाळे उजळून दिसते.