मेटाक्लास नेमका चालतो कधी? शेवेच्या चकतीवरून समजून घ्या

राम राम मंडई! महिनाभर कॉमेंटमध्ये एकच, भाऊ मेटाक्लास घ्या, मेटाक्लास घ्या. घेतो. क्लासपासून ऑब्जेक्ट बनतो हे येतंच तुम्हाला, पायथनमध्ये क्लास पण ऑब्जेक्टच असतो आणि त्याला बनवणारा टाइप, तोच मेटाक्लास. झालं बेसिक.

आता माझी गंमत. रावेरकडच्या एका केळीवाल्याला बिलाचं सॉफ्टवेअर करून देत होतो. बिल हा बेस क्लास, खाली तीन पोरं, केळी, भाडं, हमाली. प्रत्येकाची नोंद डिक्शनरीत हाताने करायची, एक विसरलो की ते बिलच निघेना. मेटाक्लास बापाला लावला, पोरांना वारशात मिळाला, नोंद आपोआप. मग अतिशहाणपणा सुचला, त्याच मेटाक्लासच्या डंडर न्यूमध्ये (म्हणजे __new__, डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) बिलं मोजायचा काउंटर टाकला. दिवसभरात ४० बिलं फाडली आणि काउंटर ४ वर! डोकं फिरलं ना भो. तीन पोरं आणि एक बाप, चार क्लास मोजले होते त्याने.

मेटाक्लासचं न्यू क्लास बनताना चालतं, ऑब्जेक्ट बनताना नाही. ही बघा सोऱ्याची चकती. भोकं कधी पाडली? चकती बनवताना, एकदाच. शेव किलोभर पाडा नाहीतर मणभर, भोकं पाडणारा परत येत नाही. शेव ऑब्जेक्ट, चकती क्लास, भोकं पाडणारा मेटाक्लास.

अजून पटत नसेल तर त्या न्यूमध्ये प्रिंट टाका, क्लास लिहा, ऑब्जेक्ट एकही बनवू नका, फाइल चालवा. प्रिंट येतंच. ऑब्जेक्टच्या वेळीच पकडायचं असेल तर मेटाक्लासचं डंडर कॉल आहे, पण मोजायलाच आहे तर क्लासचं साधं इनिट, ऑब्जेक्ट बनताना चालणारं, पुरतं की.

एकजण दर व्हिडिओखाली लिहितो, हे डेकोरेटरने (क्लासच्या वर @ लावून लिहितात ते फंक्शन) पण होतं. होतं ना दादा, पण तो प्रत्येक पोराच्या डोक्यावर वेगळा लावावा लागतो, वारशात येत नाही, म्हणजे विसरायचं दुखणं तिथल्या तिथेच.

आणि खरं सांगू, मी तो मेटाक्लास काढून टाकला. पायथन ३.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, डंडर इनिट सबक्लास आहे. बापात लिहा, नवीन पोरगं आलं की चालतं, नोंदीला तेवढं बास. वर मेटाक्लासची कटकट पण नाही, ती अशी की एका क्लासने दोन बाप घेतले आणि दोघांचे मेटाक्लास एकमेकांच्या नात्यातले नसले की पायथन सरळ टाइपएरर फेकतो, कॉन्फ्लिक्ट म्हणून.

कोड डिस्क्रिप्शनमध्ये आहे. चला, आई आवाज देतेय, चकती कुठे नेली म्हणून.