आत काय घालायचं? कापडी डायपरचे बूस्टर आणि लाइनर

(दृश्य: टेबलावर उलगडलेला कापडी डायपर, शेजारी त्याचे सुटे भाग.)

कापडी डायपरचं बाहेरचं कव्हर पाणी फक्त अडवतं, शोषत काहीच नाही. पॉलिएस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तो ओल बाहेर येऊ देत नाही. लघवी शोषायचं काम आतल्या पॅडचं, म्हणजे इन्सर्टचं. इन्सर्ट पुरत नाही तेव्हा त्याच्या जोडीला जो जादा थर घालतात तो बूस्टर. आणि बाळाच्या अंगाला लागून असतो तो लाइनर. तो ओल खाली जाऊ देतो आणि शी वरच्या वर झेलतो. घोटाळा होतो तो इथेच: डायपर गळतो म्हणून घरात लाइनर वाढवले जातात आणि अंगावर पुरळ उठलं म्हणून बूस्टर.

(दृश्य: खानापूर तालुक्यातल्या घराची पडवी. दोरीवर लंगोट, बाहेर पाऊस.)

बेळगाव जिल्ह्यात बूस्टर निवडताना तो किती शोषतो यापेक्षा किती वेळात वाळतो हे आधी बघावं लागतं. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात, जांबोटीत, खानापुरात भर पावसात दोरीवरचं जाड कापड दोन-दोन दिवस दमट राहतं. अथणी-गोकाककडे उन्हाळ्यात तेच कापड दुपारपर्यंत कडक वाळतं. म्हणून गोकाकच्या नणंदेला आवडलेला बूस्टर खानापूरच्या वहिनीला जुलैमध्ये डोकेदुखी होतो, आणि त्यात दोष दोघींचाही नसतो.

बाजारात साध्या सुती बूस्टरखेरीज आणखी तीन प्रकार मिळतात. मायक्रोफायबर सगळ्यात स्वस्त. ओल झटकन ओढतो, लवकर वाळतो, पण दाब पडला की प्यायलेलं पाणी परत सोडतो. घरी बघायचं तर ताटात बूस्टर ठेवा, त्यावर ५० मिली पाणी ओता, एक मिनिट थांबा आणि तळहाताने दाबा. मायक्रोफायबरखाली ताटात पाणी साचतं, सुती घडीखाली फार कमी. बाळ कडेवर बसलं, झोळीत त्याचं सगळं वजन कंबरेखाली आलं, की डायपरमध्ये नेमकं हेच होतं. शिवाय मायक्रोफायबर थेट कातडीला लावायचा नाही. तो त्वचेतला ओलावाही ओढतो आणि अंग कोरडं पडून लाल होतं. तो कव्हरच्या कप्प्यात किंवा दुसऱ्या कापडाखालीच हवा.

बांबूचा म्हणून विकला जातो तो बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस. सुतापेक्षा जास्त धरतो, स्पर्शाला मऊ असतो, वाळायला वेळ घेतो. हेम्प, म्हणजे भांगेच्या झाडाच्या खोडाचा धागा, बहुधा सुतात मिसळून येतो. पातळ असूनही तो खूप ओल धरतो आणि दाबली तरी सहसा सोडत नाही. मात्र शोषायला वेळ लावतो. जोरात आलेली धार त्याच्यावरून वाहून मांडीकडून बाहेर पडते. म्हणून झटपट ओढणारा थर वर आणि सावकाश पण भरपूर धरणारा खाली, हा क्रम. उलटा लावला तर चांगल्या मालाचे पैसे पाण्यात.

नवा सुती, बांबू किंवा हेम्पचा बूस्टर धुतल्याशिवाय वापरू नका. सुतावर खळ असते, धाग्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो. सुताला तीन-चार धुण्या पुरतात, हेम्पला सहा ते आठ लागतात. आधीच्या एक-दोन धुण्या वेगळ्या करा, नाहीतर तो तेलकटपणा बाकीच्या कपड्यांना लागतो.

(दृश्य: जुनी सुती नऊवारी कात्रीने कापली जाते, मग घडी.)

पावसाळ्यासाठी मात्र आमची पसंती दुकानातल्या कुठल्याच बूस्टरला नाही. ती आहे जुन्या सुती नऊवारीला. तिची खळ कधीच गेलेली असते आणि सूत मऊ पडलेलं असतं. विरलेला भाग आणि काठ सोडून ५५ सेंमीचे चौकोन कापा. एका लुगड्यातून वीसेक सहज निघतात. कडा दुमडून शिवा. मग रुंदीला चार घड्या आणि लांबीला दोन: साधारण १४ बाय २७ सेंमीचा आठ थरांचा बूस्टर तयार. शिवलेल्या पॅडमध्ये आठ थर कायमचे एकमेकांना बांधलेले असतात, आतला थर ओलाच राहतो आणि कुबट वास धरतो. घडीचा बूस्टर धुताना आणि वाळताना उलगडून एकेरी होतो. पंख्याखाली रात्रभरात वाळतो. साडी निवडताना एकच खबरदारी घ्या: टेरिकॉट नको. पाण्याचा थेंब टाकून बघा. पसरला तर सुती, मण्यासारखा घरंगळला तर ते कापड बाजूला ठेवा.

आता रात्रीचा हिशोब. बाळाला किलोमागे तासाला साधारण १ ते ३ मिली लघवी होते. आठ किलोचं बाळ दहा तास झोपलं तर मधला अंदाज १६० मिली, जास्तीत जास्त २४० धरा. अंदाजावर सोडायचं नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. सगळे थर कोरडे असताना वजन करा, सकाळी ओले असताना पुन्हा करा. फरक जितके ग्रॅम, जवळपास तितके मिली. कव्हर गळलं, पण काट्यावर थर अजून भरलेले नाहीत असं दिसलं, तर बूस्टर वाढवून उपयोग नाही. दोष बसवण्यात आहे.

(दृश्य: कापडी बाहुलीला डायपर बसवताना, मांडीजवळून.)

एकावर एक बूस्टर घातले की आतलं गाठोडं फुगतं, मांडीजवळचं इलास्टिक उचललं जातं आणि फट पडते. दोन पातळ थरांनी भागत नसेल तर तिसरा घालण्याऐवजी एक बूस्टर अर्धा दुमडून फक्त लागेल तिथे ठेवा. मुलाला पुढे, मुलीला मधोमध. पालथं झोपणाऱ्या बाळाला दोन्ही बाबतींत पुढे. झोळीत झोपणाऱ्याला मात्र थोडं मागे, कारण झोळीत ओल उतारानं कंबरेकडे जाते. थराची कड कव्हरबाहेर डोकावली तर वातीसारखी ओल ओढून झबलं भिजवते, म्हणून बटणं लावल्यावर मांडीभोवती एक बोट फिरवून कडा आत सारा. दिवसा दर दोन-तीन तासांनी बदलायचं असतं, तिथे बूस्टर सहसा लागतच नाही.

लाइनरचं गणित वेगळं. कोरडेपणा हवा असेल तर मायक्रोफ्लीस, म्हणजे पातळ पॉलिएस्टर फ्लीस. धागा स्वतः ओल धरत नाही, ती खालच्या सुताकडे जाते. कापलेली कड उसवत नाही, त्यामुळे १२ बाय ३० सेंमीच्या पट्ट्या कापल्या की शिवणकाम संपलं. जाड ब्लँकेटचं फ्लीस घेऊ नका, त्यातून लघवी हळू उतरते आणि कडेने पळते. मलमलचा लाइनर कातडीला उत्तम, पण ओलाच राहतो.

कागदी लाइनरवर पैसे घालायचे ते वरचं अन्न सुरू झाल्यावर. अंगावरच्या दुधावरच्या बाळाची शी पातळ असते, ती कागदातून खाली जाते आणि धुण्यात विरघळते. नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात सुरू झाला की शी घट्ट होते, मग कागद उपयोगी पडतो: शी संडासात, कागद कचऱ्यात. पुडीवर काहीही लिहिलेलं असो, कागद संडासात टाकू नका. घराच्या शोषखड्ड्याची वाट त्याने तुंबते.

(दृश्य: वाटीत कोमट खोबरेल, पाटावर टॉवेल.)

आपल्याकडे लाइनर खरा लागतो तो तेलामुळे. रोजच्या मालिशचं खोबरेल, पुरळावरचं झिंकचं मलम किंवा पेट्रोलियम जेली सुताला लागली की धाग्यावर थर बसतो आणि उत्तम बूस्टरही पाणी झटकू लागतो. मालिशनंतर अंघोळ होऊन अंग पुसल्यावरच डायपर बांधा. मलम लावलेलं असेल तेव्हा फ्लीसची पट्टी मध्ये हवीच, आणि ती पट्टी वेगळी धुवा.

कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाच्या वडीने घासलेले बूस्टरही असेच बिघडतात. साबण आणि पाण्यातला चुना मिळून न विरघळणारी साय तयार होते, ती धाग्यात बसते. वडीऐवजी पावडर वापरा. कपडे मऊ करणारं द्रव तर अजिबात नको. बिघडलेल्या बूस्टरला ६० अंशांच्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घालून धुवा आणि फेस पूर्ण थांबेपर्यंत खळबळवा. हा उपाय सुटे थर आणि फ्लीससाठी. कव्हरला इतकं गरम पाणी नको, आणि क्लोरीनचं ब्लीचही नको.

पावसात शेगडीवर पाटी उपडी घालून बाळोती वाळवायची रीत कित्येक घरांत अजून आहे. सुती घड्यांना ती चालते, नजर ठेवलीत तर. कव्हर तिच्या आसपासही नेऊ नका. आतला पापुद्रा उष्णतेने सुटतो. एकदा तो सुटून बुडबुडे आले की कितीही बूस्टर घाला, त्या जागेतून ओल येतच राहते. मग कव्हरच बदलावं लागतं.